दोन गोठ्यांचा लॅपटॉप

शेळीच्या पणजीचे नाव विचारणारा माणूस धाराशिव जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझा व्याही आहे. हे मी अभिमानाने सांगत नाही, तक्रारीनेही नाही. मुलगी दिली की सासरकडची मते आपल्या घरात येतात, हा व्यवहार मला मान्य आहे. काहींच्या घरात राजकारण येते, काहींच्या घरात देवधर्म येतो. माझ्या घरात शेळ्या आल्या.

ते भूमचे. पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होते. गाव त्यांना डॉक्टर म्हणते आणि मीही म्हणतो, कारण दुसरे काही म्हटले तर ते ओ देत नाहीत. ते मला इवाई म्हणतात. आमच्याकडे व्याह्याला हाच शब्द आहे, पण जन्मभर गोठ्याच्या दारात उभे राहून मोठ्याने बोलल्यामुळे त्यांच्या तोंडून तो निघाला की गल्लीतले सगळे व्याही वळून पाहतात. मी गणिताचा शिक्षक होतो आणि मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. कमीत कमी पायऱ्यांत उत्तर काढावे, ही माझी शिस्त. ते कोणत्याही प्रश्नाचे उत्तर त्याच्या आजीपासून सुरू करतात. तरीही आमचे कधी भांडण झाले नाही. भांडायला दोघांनी बोलावे लागते.

मुलगी पाहायला ते प्रथम आमच्या घरी आले, तो दिवस मी विसरलेलो नाही. मुलगा आला, मुलाची आई आली आणि वडील काही येईनात. चहा दोनदा गरम झाला. बाहेर जाऊन पाहिले तर हे गृहस्थ गल्लीच्या तोंडाशी, परीटघडीच्या पायजम्याचे गुडघे मातीत टेकून, शेजाऱ्याच्या शेळीचा जबडा उघडून दात मोजत होते. शेळी शांत होती. शेजारी शांत नव्हता. आत आल्यावर त्यांनी माझ्या मुलीकडे एकदा पाहिले, पोह्यांकडे दोनदा पाहिले आणि म्हणाले, "इवाई, शेजाऱ्याची शेळी अस्सल हाय. घर चांगल्या वस्तीत हाय तुमचं." मी तोवर त्यांचा इवाई झालो नव्हतो. मी पत्रिकेचा विषय काढला. त्यांनी हातानेच तो उडवून लावला. "पत्रिका कशाला? माणूस जुळवून घेतंय. शेळीला जुळवून घेता येत न्हाय, म्हणून तिचं बघावं लागतंय." अशा रीतीने माझ्या मुलीचे लग्न ठरले. त्याला अकरा वर्षे झाली. त्यांनी जुळवलेल्या शेळ्यांइतकेच ते लग्नही चांगले निघाले, हे मान्य करणे मला भाग आहे.

व्याही घरी आले की टॉवेल-टोपी देऊन मान करावा, ही रीत आहे आणि रीत मी मोडत नाही. टोपी त्यांनी कधी घातलेली पाहिली नाही. टॉवेलांचे काय होते, ते मला एकदा भूमला गेल्यावर कळले. नुकतेच जन्मलेले करडू माझ्या दिवाळीच्या टॉवेलात गुंडाळलेले होते आणि त्याची आई मागच्या दिवाळीच्या टॉवेलावर उभी होती. "तुमचा टॉवेल लई पाणी पितो," ते कौतुकाने म्हणाले. "बाजारातला इतका पीत न्हाय." मी तो बाजारातूनच आणला होता. पुढच्या वेळी जरा मोठा आणला.

त्यांचा खरा उद्योग वंशावळीचा. उस्मानाबादी शेळी ही या मातीची. काळी कुळकुळीत, लांब लोंबत्या कानांची. जिल्ह्याचे नाव बदलले, शेळीचे जुनेच राहिले. त्याविषयी कोणी छेडले तर ते म्हणतात, "तिला गॅझेट लागू न्हाय." नोकरीत असताना ते आधी सायकलवर आणि मग मोटारसायकलवर ज्या ज्या वस्तीवर गेले, तिथल्या प्रत्येक शेळीची आई, आजी आणि पणजी त्यांनी लिहून घेतली. त्यामागचे कारण साधे आहे. बोकड आपल्याच कुळात फिरत राहिला की पुढची पिढी खुरटते, करडे जगत नाहीत. हे धनगरांना त्यांच्याहून आधी ठाऊक होते. पण शेळ्या बाजारात विकल्या जातात, लेकीबाळींना आंदण दिल्या जातात, आणि तीन गावे फिरून आलेला बोकड आपल्या शेळीचा कोण लागतो, हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. ते व्याह्यांच्या वहीत राहते. म्हणून भूमपासून येरमाळ्यापर्यंतची माणसे बोकड आणण्याआधी त्यांना विचारतात. ते वही उघडून "जमतंय" किंवा "जमत न्हाय" असा निकाल देतात. त्यावर अपील नसते.

ही वंशावळ सगळी आईकडून चालते. "बोकड येतो आन् जातो," असे त्यांचे म्हणणे. नराच्या रकान्यात गावाचे नाव आणि शिंगांविषयी दोन शब्द, एवढीच त्याची इतिहासात जागा. मला हे पटले नाही. माझ्या बैठकीच्या खोलीत आमच्या घराण्याची नऊ पिढ्यांची वंशावळ चौकट करून लावलेली आहे. ती मी स्वतः बोरूने लिहिली. व्याही ती पहिल्यांदा पाहत होते तेव्हा बराच वेळ तिच्यापुढे उभे राहिले. मला वाटले, अक्षर पाहत आहेत. मग त्यांनी विचारले, "इवाई, यात एक बी मादी न्हाय. मग ही नऊ जणं झाली कशी?" स्वयंपाकघरात माझ्या पत्नीला ठसका लागला.

त्यांची पहिली वही एका शेळीने खाल्ली. शेळी त्यांचीच होती, कानावर तीन पांढरे ठिपके असलेली. दुसऱ्या कोणी तिला त्याच आठवड्याच्या बाजारात नेऊन उभे केले असते. यांनी नवी वही आणली, आठवेल तेवढे सगळे पुन्हा लिहिले आणि तिच्या नावापुढे शेरा घातला: 'पचन उत्तम. वही नं. १ खाल्ली.' लग्नानंतर दोन वर्षांनी माझ्या मुलीने नवा लॅपटॉप घेतला आणि जुना सासऱ्यांना दिला, त्यामागे हाच प्रसंग होता. तिचे म्हणणे, हा तरी शेळी खाणार नाही. तो लॅपटॉप ती महाविद्यालयात जाऊ लागली तेव्हा मी तिला घेऊन दिला होता. म्हणजे त्याचे मूळ शोधत गेले तर ते माझ्या दारात येते. एका दिवाळीच्या सुट्टीत मुलीने वह्यांतले सगळे त्यात घालून दिले आणि सासऱ्यांना टंकलेखन शिकवले. ते एकाच बोटाने करतात, तेही मधल्या. पहिले बोट एका बोकडाने निकामी केले होते. त्या बोकडाचीही नोंद आहे.

पुढे त्यांनी छायाचित्रे सुरू केली. प्रत्येक शेळीची तीन: समोरून, बाजूने आणि कानाचे. मागे पांढरा पडदा हवा म्हणून दोन माणसांनी माझा टॉवेल ताणून धरायचा. लॅपटॉप सकाळी सुरू करून ते धारा काढायला बसत. धारा झाल्या, आंघोळ झाली, पूजा झाली, की पडद्यावर चित्र उमटे. "वय झालंय त्याचं," ते म्हणत. "म्हाताऱ्या माणसाला हाक मारली की तो बी लगीच उठत न्हाय." हे ते माझ्याकडे पाहून म्हणत. बिजागरी तुटली तेव्हा त्यांनी ती शेळीच्या दाव्याने बांधली, आणि पुढे लॅपटॉप उघडताना आधी गाठ सोडावी लागे.

दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. कोण व्याली, कोणाला किती झाली, कोणते करडू आजीवर गेले, हे सगळे ते सांगतात. मी "बरं" म्हणतो. एकदा मधेच त्यांनी माझ्या सासूबाईंच्या आईचे नाव विचारले होते. मी म्हणालो, "काय करायचंय?" त्यांनी विषय बदलला. गेल्या वर्षी त्यांनी सांगितले की लॅपटॉप भरला, लाल रेघ दिसू लागली. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा जावई, त्यांना म्हणाला, "मेलेल्या शेळ्यांचे फोटो काढून टाका की, बाबा." त्यावर व्याह्यांनी विचारले, "तुझा आज्जा बी मेलाय. भिंतीवरनं काढू का?" जावयाने पुन्हा सल्ला दिला नाही.

मग एका रविवारी त्यांनी शेळ्यांऐवजी लॅपटॉपचीच प्रकृती सांगितली. "इवाई, आतनं कुरकुर येतीया. म्या कानाला नळी लावून ऐकलं. डाव्या अंगाला कटकट हाय. लई दिवसाचं सोबती न्हाय." मी विचारले, "वह्या असतील ना?"

"वह्या ज्याच्या त्याला वाटल्या. ज्याच्या शेळ्या, त्याची वही."

त्या वह्यांचे वस्त्यांवर पुढे काय झाले असेल, हे मी विचारले नाही. पहिल्या वहीचे काय झाले ते मला ठाऊक होते. म्हणजे इतक्या वर्षांची आणि इतक्या गावांची ती सगळी कुळे आता त्या कटकटणाऱ्या पेटीत होती आणि दुसरीकडे कुठेही नव्हती. पण व्याही घाबरलेले नव्हते. साथ आली तर सगळा कळप एका गोठ्यात नसावा, निम्मा दुसरीकडे असावा, हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. तो त्यांनी इथेही पाळला होता. "म्या समदं सी मधी ठिवलंय आन् तेच परत डी मधी. दर महिन्याला. एक गोठा बसला तर दुसरा हाय." मला ती व्यवस्था बिनचूक वाटली. हे मी इथे कबूल करून ठेवतो.

मुलीचा पुण्याहून फोन आला. "बाबा, आत नवी डिस्क बसवली की चालेल तो. तुमच्याकडे धाराशिवला करून घ्या. पण त्यांना एकटं दुकानात पाठवू नका. ते दुकानदाराला शेळी सांगत बसतील. तुम्ही बरोबर असलात की लोक लवकर आटपतात." मी ही स्तुती समजलो.

व्याही एसटीने आले. लॅपटॉप माझ्या जुन्या टॉवेलात गुंडाळून त्यांनी पोटाशी धरला होता. कंडक्टरने "लेकरू हाय का?" म्हणून विचारल्याचे त्यांनी मला तीन वेळा सांगितले. तीन दिवसांपासून लॅपटॉप उठत नव्हता. शिवाय एक घाई होती. येरमाळ्याच्या कोंडाबाई धनगरणीला एक बोकड मिळत होता आणि त्याचा मालक फक्त संध्याकाळपर्यंत थांबणार होता. बोकड देखणा होता. तिच्या शेळीशी त्याचे नाते लागते की नाही, याचे उत्तर टॉवेलात होते.

दुकान एका बाईंचे होते. त्या मोजके बोलत. मला ते दुकान आवडले. त्यांनी दाव्याची गाठ पाहिली, काही न विचारता सोडली, लॅपटॉप पालथा केला आणि स्क्रू काढून आतून एक चपटी, तळहाताएवढी पेटी बाहेर काढली. व्याह्यांनी वाकून लॅपटॉपच्या पोटात पाहिले.

"दुसरी कुठं हाय?"

"कुठली दुसरी, काका?"

"डी."

बाईंनी आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. मीही उत्तराची वाट पाहत होतो. "काका, सी आणि डी एकाच डिस्कवर असतात. ती नुसती नावं. डिस्क एकच, मधी भिंत घातलेली. भिंत बी न्हाई म्हना, तुराट्यांचा कूड."

व्याही स्टुलावर बसले. "म्हंजी गोठा एकच," ते सावकाश म्हणाले. "मधी कूड घालून म्या नऊ वर्सं निवांत झोपलो." मीही त्याच गोठ्यात झोपलो होतो.

बाईंनी ती पेटी स्वतःच्या संगणकाला जोडली, कान देऊन ऐकली आणि व्याह्यांनी केले होते तेच निदान केले, फक्त नळीशिवाय. डिस्क भरली होती तीही शेळ्यांनी नव्हे. दर महिन्याला जुनी प्रत न पुसता नवी ठेवल्यामुळे एकेक शेळी आत किती वेळा उभी होती, याची मोजदाद बाईंनी अर्ध्यावर सोडली. मग त्यांनी नवी डिस्क दाखवली. "हिच्यात फिरणारं काही नसतं. अजिबात आवाज येत नाही."

"आवाज न्हाय?" व्याह्यांना ते रुचले नाही. "मग जित्ती हाय का मेली, कळायचं कसं?"

"चालू आहे तोवर जित्ती, काका. पण जुनी आता जायला आली. किती काढून देईल सांगता येत नाही. मधेच बंद पडली तर राहिलेलं गेलं. आधी काय काढू, ते सांगा."

व्याही गप्प झाले. त्यांना गप्प झालेले मी प्रथमच पाहत होतो. त्यांनी टॉवेलाची घडी केली, मोडली, पुन्हा केली. समोर पडद्यावर फोल्डरांची ओळ होती आणि पेटीतून कटकट ऐकू येत होती. वर्गात फळा पुसायची वेळ झाली की मी मुलांना म्हणत असे, जे पुन्हा मिळणार नाही ते आधी उतरवा. हे मला आठवले, पण सांगायची वेळ आली नाही.

"म्हाताऱ्या आधी," ते म्हणाले. "तरण्यांचं चित्र परत घेता येतंय. म्हाताऱ्या मरून गेल्या, त्या काय परत उभ्या ऱ्हायच्या न्हाईत. आजी गेली की नातीला वळखायचं कशानं?" बाईंनी मान हलवली. तेवढ्यात व्याह्यांनी हात वर केला. "थांबा. त्याच्या बी आधी, 'घर' नावाचं हाय बघा. ते पयलं."

'घर' म्हणजे घराचे कागद असावेत, असे मला वाटले. ते लगेच निघाले. नीट आले की नाही हे पाहण्यासाठी बाईंनी ते उघडले. त्यात शेळ्यांसाठीचाच तक्ता होता, तेच रकाने होते. पहिली ओळ आमच्या नातीची होती. स्वभाव: अवखळ. शेरा: मिशी ओढती. दुसरी ओळ माझ्या मुलीची. नर: भूमचा, घरचाच. शेरा: मशीन हिनं दिलं. शिकवताना एकदा बी चिडली न्हाय. तिसऱ्या ओळीत माझ्या पत्नीचे नाव होते. सुलोचना. कान: टोचलेले. स्वभाव: शांत. नर: धाराशिवचा, शिंगं हायेत. शेरा: मालकासमोर बोलत न्हाय. मागं लई हसवती.

बाईंना खोकला आला. मी चष्मा पुसला. माझी पत्नी लोकांना हसवते, ही माहिती मला एका दुकानात, शेळ्यांच्या तक्त्यातून मिळाली.

खाली माझ्या सासूबाई होत्या, कौसल्या. त्यांच्या खाली त्यांच्या आई, भागीरथी. आणि तिच्याखाली आणखी एक ओळ होती. सगुणा. गाव: माकणी. वेत: नऊ. जगली: चार. शेरा: नाव तिथल्या म्हातारीनं सांगितलं. म्हणली, आजवर कुणी इचारलं न्हवतं.

"माकणीला कधी गेला होतात?" मी विचारले.

"गेलतो की, शेळ्या बघाया. जिल्ह्याच्या त्या टोकाला हाय, तीन गाड्या बदलल्या." मग म्हणाले, "नात झाली तवा तिचं लिवाया घेतलं. तुम्हाला फोनवर इचारलं, तर तुम्ही म्हणलात, काय करायचंय."

मी तसेच म्हणालो होतो. खरे कारण असे की मला ठाऊक नव्हते, आणि जे मला ठाऊक नाही ते मला विचारू नये असे मी लोकांना आयुष्यभर शिकवत आलो होतो.

म्हाताऱ्या शेळ्या एकेक करून बाहेर येऊ लागल्या. व्याही प्रत्येकीला नावाने हाक मारीत होते आणि दुकानात आलेली गिऱ्हाइके दारातच थबकत होती. दुपारी कोंडाबाईचा फोन आला. तो सगळ्या दुकानाने ऐकला. "डाक्टर, मालक उठाय लागलाय. आनू का नगं बोकड? मला तर लई मनात भरलाय."

"आईचं नाव इचार त्याच्या."

पलीकडे काही बोलणे झाले. "बोरखेड्याची कवडी म्हनं."

व्याह्यांनी पडद्यावर बोट ठेवले आणि एक ओळ खाली, एक ओळ वर असे सरकवत नेले. "आणू नगं. तुझ्या शेळीचा सख्खा मामा लागतोय त्यो."

"आगं बया!" कोंडाबाई म्हणाली. "तरी म्हनलं, तोंड वळखीचं का वाटतंय." दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने सुटकेचा निःश्वास सोडला. त्याचा या प्रकरणाशी काहीही संबंध नव्हता.

त्यानंतर थोड्या वेळाने कटकट थांबली आणि पुन्हा सुरू झाली नाही. म्हाताऱ्या बहुतेक सगळ्या आल्या होत्या. गेल्या दोन वर्षांतल्या तरण्या शेळ्या राहिल्या. म्हाताऱ्यांतली एकच राहिली, जिच्यापाशी येऊन पेटी अडकली ती. बाईंनी नाव वाचून दाखवले. कानावर तीन ठिपके असलेली तीच होती. व्याही क्षणभर पडद्याकडे पाहत राहिले. "तिनं वही खाल्ली," ते म्हणाले. "आन् मशीननं तिला खाल्लं. फिटंफाट झाली." पण ही फिटंफाट त्यांनी जरा हळू आवाजात जाहीर केली.

बाईंनी एक प्रत इंटरनेटवरही ठेवायला सुचवले. व्याह्यांनी विचारले, "ते कुठं असतं?" बाई म्हणाल्या, दूर कुठेतरी. "गोठ्याचा मालक कोण?" ते बाईंना नेमके सांगता येईना. "मालक ठावका न्हाय तिथं शेळी बांधू न्हाय," असा निकाल झाला. शेवटी बाईंनी दुसरी एक सुटी डिस्क घेऊन तीवर सगळे उतरवले आणि बजावले, "काका, ही त्याच घरात ठेवू नका. दुसऱ्या घरात ठेवा. खरोखरच्या दुसऱ्या."

घरी आल्यावर जेवणे झाली. मी रीतीप्रमाणे टॉवेल-टोपी पुढे केली. त्यांनी ती घेतली, मांडीवर ठेवली आणि पिशवीतून तो जुना टॉवेल काढून माझ्या हातात दिला. तो धुतलेला होता. आत डिस्क होती. मी म्हणालो, "डॉक्टर, आहेर परत करायची आमच्यात पद्धत नाही."

"आहेर न्हाय. निम्म्या वाट्यानं देतोय."

आमच्याकडे शेळी अशी देतात. शेळी देणाऱ्याची, सांभाळ घेणाऱ्याचा आणि करडे दोघांची. अशी शेळी कोणालाही देत नाहीत. देणारा आधी घेणाऱ्याचा गोठा पाहतो. त्यांनी माझ्या खोलीवरून नजर फिरवली. चौकटीतल्या नऊ पुरुषांवर ती क्षणभर थांबली. "कोरडी जागा हाय," ते म्हणाले. "आन् तुम्ही कुणाला हात लावू देत न्हाय."

पत्नी पोळी वाढायचे भांडे उचलत होती. मी तिला म्हणालो, "तुझ्या आजीच्या आईचं नाव सगुणा होतं."

ती थांबली. "परत म्हणा."

"सगुणा. माकणीची."

"आईला सुदिक ठाऊक न्हवतं," ती म्हणाली. मग तिने व्याह्यांचे जेवण झालेले असताना त्यांच्यापुढे पुन्हा पान मांडून आणखी एक पोळी वाढली. त्यांनी ती मुकाट्याने खाल्ली. त्यांना मुकाट्याने काही करताना मी एका दिवसात दुसऱ्यांदा पाहिले.

डिस्क माझ्या कपाटात आहे, टॉवेलासकट. महिन्यातून एकदा मी ती दुकानात नेतो. बाई जोडतात, "उघडतंय, सर" म्हणतात आणि मी परत आणतो. चौकटीच्या शेजारी भिंतीत एक खिळा ठोकून ठेवला आहे. तिथे 'घर'मधली ती सहा नावे लावायची आहेत, पण बोरू धरायला हात पूर्वीसारखा स्थिर राहिलेला नाही. व्याह्यांचाही मोटारसायकलवर बसायचा गुडघा राहिलेला नाही. राहिलेल्या तरण्या शेळ्यांची चित्रे अर्ध्याहून अधिक अजून व्हायची आहेत. त्यांतल्या काही आता म्हाताऱ्या होतील. त्यांचा रविवारचा फोन मात्र चुकत नाही. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "इवाई, आपल्या शेळ्या कशा हायेत?" मी सांगतो, "बऱ्या आहेत."

मागच्या रविवारी फोन आला नाही. मी नऊपर्यंत वाट पाहिली. पत्नी दोनदा दारातून डोकावून गेली. मग मीच लावला. त्यांना ताप होता. आवाज नेहमीच्या निम्माही नव्हता.

"काय इवाई, आज तुम्ही?"

"शेळ्या बऱ्या आहेत," मी म्हणालो.

"आवं, म्या इचारलं कुठं?"

"नाही विचारलं," मी म्हणालो. "सांगितलं."